टेकडीवरची वहिवाट

माझी आत्या नर्स होती. तिची बहुतेक नोकरी पेठ तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात झाली. डोंगरातल्या बाया बाळंतपणाला उशिरा यायच्या, डोलीतून यायच्या, आणि आल्या की "बाय" म्हणून तिचा हात घट्ट धरायच्या. निवृत्त होऊन ती आमच्या गावी परत आली ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, तोवर वारले होते. आई त्याच्याही आधी गेली होती. त्यामुळे वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात मी आणि आत्या अशा दोघीच राहायला लागलो. मी नाशकात टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. माझं लग्न करायचं राहून गेलं होतं आणि त्याबद्दल आत्याने मला कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारायची.

आमचं गाव देवळाली कॅम्प आणि आग्रा रोड यांच्या मधलं. लष्कराचा तोफांचा सराव चालू असला की मांडणीवरची भांडी किणकिणतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पाहुण्यांना वाटतं. गाव एका अंगाला, मध्ये द्राक्षबागा, आणि त्यांच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी आमची बौद्ध वस्ती. टेकडी काही मोठी नाही. वर करवंदीच्या जाळ्या, थोडे पळस, सीताफळी, आणि पूर्वेच्या बाजूला एक जुना उंबर. उंबराच्या मुळाशी झिरा आहे. खडकातून पाणी झिरपतं आणि हातभर खोल डबक्यात साचतं. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नव्हते त्या काळात वस्तीने या झिऱ्याचंच पाणी प्यायलं, असं वडील सांगायचे. पुढे वस्तीत नळ आला आणि झिऱ्याकडे जायची वाट गवतात बुजून गेली.

नोकरीभर पाळ्या केल्यामुळे आत्याला पहाटे जाग यायची आणि मग काय करावं ते सुचायचं नाही. चहा करायची, अंगण झाडायची, पुन्हा चहा करायची. त्या वर्षी एक भन्ते वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्याकडे राहिले. वस्तीत विहार नव्हता, म्हणून शाळेची एक खोली त्यांना दिली होती. संध्याकाळी ते आनापान शिकवायचे. ताठ बसायचं, आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास बघायचा, मन भरकटलं की न चिडता परत आणायचं. सुरुवातीला निम्मी वस्ती जायची. भन्ते गेले आणि एकेक जण गळत गेला. आत्या मात्र बसत राहिली. घरात नळावरची भांडणं ऐकू यायची, शेजारचा टीव्ही सकाळीच लागायचा, म्हणून ती एक गोणपाट घेऊन टेकडीवर उंबराखाली जायला लागली. गुडघे दुखायचे, तर हातात काठी असायची. विळा बरोबर नेऊन ती रोज थोडं थोडं गवत कापायची. पुढचा पावसाळा संपेपर्यंत जुनी वाट पुन्हा उघडी झाली.

मला हे फारसं पटत नव्हतं. आम्ही मोर्चांत वाढलेली माणसं. माझ्या लहानपणी आमच्या घरात कंदिलाच्या उजेडात मोर्चाचे बोर्ड रंगवले जायचे. पोट भरलेल्या लोकांनी मन शांत करत बसावं, आपल्याला तेवढी उसंत कुठे, असं मला वाटायचं.

"डोळे मिटून काय होणार आहे?" मी एकदा तिला विचारलं.

"मिटत नाही गं. अर्धे उघडे असतात," ती म्हणाली. "पूर्ण मिटले तर मला झोप लागते."

मग महामार्ग रुंद करायचं काम निघालं. आग्रा रोडच्या कडेचे जुने वड पडायला लागले. बसच्या खिडकीतून रोज एखादा आडवा झालेला दिसायचा, मुळांना अजून ओली माती चिकटलेली. रस्त्याला खडी लागते आणि खडीला डोंगर लागतो. एका ठेकेदाराने आमच्या टेकडीची पश्चिमेची बाजू खाणीला घेतली. टेकडी सरकारी, त्यामुळे आम्हाला विचारायचा प्रश्नच आला नाही. आधी पोकलेन आलं, मग क्रशर आला, मग डंपरांची ये-जा सुरू झाली.

सकाळभर दगडाला होल मारायचं मशीन घरघरत राहायचं. मग सुरुंग. आम्हाला तोफांची सवय होती, पण तोफ लांबून येते आणि पोटात जराशी धडकून निघून जाते. सुरुंगाने भिंतीला तडे गेले. क्रशरची पांढरी धूळ वस्तीवर बसायची, वाळत घातलेल्या धुण्यावर, पापडांवर, माठाच्या झाकणावर. लहान मुलं खोकायला लागली. पळसाला नवी पानं फुटली ती पिठात घोळल्यासारखी. त्या उन्हाळ्यात झिरा नेहमीपेक्षा लवकर आटला.

मी अर्ज लिहायला बसले. तलाठ्याला दिला, तहसीलला दिला, वरच्या कचेरीला दिला. धुळीबद्दल लिहिलं, तड्यांबद्दल लिहिलं, पाण्याबद्दल लिहिलं. दुपारची ड्यूटी मागून घेतली आणि सकाळी कचेऱ्यांच्या बाकांवर बसायला लागले. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. जागा पडीक आहे, कोणाच्याही वापरात नाही, सबब हरकतीत तथ्य नाही. मी तो कागद घेऊन घरी आले आणि सगळा राग आत्यावर काढला.

"तिकडे डोंगर फोडतायत आणि तू अलीकडे बसून श्वास मोजतेस."

"मोजत नाही. बघते."

"तेच ते! त्याने एक दगड तरी थांबणार आहे का?"

ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग बोलली. "वॉर्डात एखादा पेशंट हातचा गेला हे सगळ्यांना कळतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात, त्यांनी जायलाच हवं. नातेवाईक बाहेर जाऊन रडतात. नर्सने कुठे जायचं? ती तिथेच असते. ओठ ओले करते, कूस बदलते."

"पण हा पेशंट आजारी नाहीये, आत्या. त्याला मारतायत."

"मग तू पोलिसांत जा. गेलंच पाहिजे. मी पेशंटजवळ बसते."

भाकरी चांगली फुगली होती, ती मी खाल्ली.

खाणीवरचे मजूर पेठ आणि सुरगाण्याकडचे होते. भाताची कापणी आटोपली की बायकापोरांना घेऊन खाली यायचे आणि पाऊस जवळ आला की परत जायचे. क्रशरच्या मागे ताडपत्रीच्या खोपटांत राहायचे. त्यातल्या एका माणसाकडे लाल झेंडा आणि शिट्टी दिलेली होती. सुरुंगाचा बार उडवायच्या आधी त्याने टेकडीभर फिरून गुरं आणि माणसं हटवायची. आत्या त्याला जवळजवळ रोज उंबराखाली भेटायची.

"बाय, उठा आता. बार उडवायचा हाय," तो म्हणायचा.

आत्या लगेच उठायची. गोणपाट झटकायची आणि त्याच्याबरोबर खाली यायची. उतरता उतरता त्याचा पाडा कुठला ते निघालं. त्या पाड्यावर आत्या लसी टोचायला गेली होती. त्याने लगेच बायकोला आणून दाखवलं. तिला खोकला होता, रात्री झोप नव्हती. आत्याने तिला औषध दिलं, नाकातोंडावर ओलं फडकं बांधायला शिकवलं, आणि "खडी भरायचं काम सोडता येत नसेल तर निदान वारा येतो त्या बाजूला उभी राहत जा" असं बजावलं.

ती झेंडेवाल्याच्या शिट्टीवर उठते हे मला कळलं तेव्हा मी थक्क झाले.

"तू उठतेस? आत्या, तू जागची हलली नाहीस तर त्यांना सुरुंग उडवताच येणार नाही! हे आंदोलन होऊ शकतं. पेपरात येईल."

"आणि त्याला खाणीवरचा मुकादम काय करेल? मला हलवणं हे त्याचं काम आहे."

"मग तुझं काम काय?"

"मी बसायला जाते. अडवायचं असेल त्या दिवशी अडवायला जाईन, तुझ्याबरोबर येईन. दोन्ही एकदम करायला गेले तर दोन्ही बिघडेल."

हळूहळू तिच्याबरोबर आणखी बाया जायला लागल्या. एक बालवाडीची ताई, एक कॅम्पात धुण्याभांड्याला जाणारी, दोघी म्हाताऱ्या. झेंडेवाल्याची बायकोही कामावर जायच्या आधी थोडा वेळ येऊन बसायची. तिला आनापान वगैरे कोणी शिकवलं नाही. आत्याने एवढंच सांगितलं की धाप लागते ती कुठे लागते ते बघ, घाबरू नकोस. सगळ्याच्या शेवटी आत्या मैत्रीभावना म्हणायची. सगळे प्राणी सुखी होवोत, झाडाझुडपात राहणारे, पाण्यात राहणारे, वस्तीतले, खाणीतले, आणि खाणीचे मालकसुद्धा. मालकाच्या वेळी म्हाताऱ्या गप्प राहायच्या, असं आत्याच हसत सांगायची.

मी पहिल्यांदा गेले ते बसायला नाही. कचेरीतून पुन्हा एकदा हात हलवत परतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात राहवेना, आणि भांडायला घरात कोणी नव्हतं, म्हणून वर गेले. सगळ्या बाया बसलेल्या. त्यांच्यात उभं राहून ओरडणं बरं दिसेना. मीही बसले.

आमचं कामच ऐकण्याचं. कानाला हेडफोन लावून खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा. त्यामुळे श्वास बाजूला राहिला आणि मी ऐकायलाच लागले. होल मारायचं मशीन. क्रशर. लांब कॅम्पाकडून तोफ. बागेतला पंप. मग यांच्या खालून बुलबुल, कोतवाल, सुकल्या पानांत सरडा. आणि अगदी जवळ, माझ्या डाव्या हाताला, झिऱ्याचं पाणी. थेंब पडायचा, मग इतकी शांतता की आता पडणार नाही असं वाटावं, मग पुन्हा थेंब. मी अर्जात लिहिलं होतं की झिरा आटत चालला आहे. तसं सगळ्यांनी मला सांगितलं होतं म्हणून लिहिलं होतं. त्या सकाळी मी तो आटताना ऐकला. झेंडेवाल्याने शिट्टी मारली तशा आम्ही सगळ्या उठलो.

त्यानंतर मी बहुतेक सकाळी जायला लागले. अर्ज सोडले नाहीत. उलट आता कचेरीत कोणी टाळाटाळ केली तर मी आवाज न चढवता दुसऱ्यांदा विचारायला शिकले. बसण्याचा याहून मोठा फायदा मला तेव्हा झाला नाही.

खाणीच्या ठेकेदाराच्या कानावर हे सगळं जात होतं. एका सकाळी तो स्वतः वस्तीत आला, पांढरी जीप घेऊन. माणूस बोलायला गोड होता. आमच्या अंगणात खुर्चीवर बसला, चहा घेतला.

"मावशी, या वयात तुम्ही टेकडी चढता, मला बरं नाही वाटत. पाय घसरला तर? मी तुम्हाला इथे वस्तीतच हॉल बांधून देतो. फरशी, पंखे, मूर्ती, सगळं. नळ आतमध्ये. फक्त वरची जागा आम्हाला लागत नाही असं वस्तीने लिहून द्यायचं."

आत्या म्हणाली, "हॉल बांधून दिलात तर उपकार होतील. पोरांना अभ्यासाला जागा होईल. पण वरची जागा लागत नाही हे मी कसं लिहू? लागते."

तो गेल्यावर वस्तीत बैठक झाली. इतक्या वर्षांत आमच्या लोकांना विहार बांधता आला नव्हता. वर्गणी गोळा व्हायची आणि कोणाच्या तरी आजारपणात जायची. आता समोरून विहार चालून आला होता. पुढारी मंडळींचं म्हणणं सरळ होतं.

"आत्याबाई, तुम्ही पाच-सहा बाया बसता. विहार सगळ्या वस्तीचा होईल. बुद्ध काय टेकडीवरच भेटतो का?"

"विहार घ्या," आत्या म्हणाली. "मी आड येत नाही. माझी सही मागू नका, एवढंच."

"तुमच्या सहीशिवाय तो बांधणार नाही."

"मग त्याला विहार द्यायचा नाहीये. त्याला टेकडी घ्यायची आहे."

बैठकीत बरीच बोलाचाली झाली. मीही बोलले, जरा जास्तच तावातावाने. एकाने मला ऐकवलं की तुला पगार आहे, तुला भिंतीचे तडे परवडतात. ते अगदी खोटं नव्हतं. ठेकेदार पुन्हा आला नाही आणि हॉलही आला नाही. आमच्या शेजारच्या घराने त्यानंतर वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं. हळद-कुंकवाला नाही, आमच्यात ते नसतंच, पण बाळाच्या नामकरणालाही बोलावलं नाही. आत्याला त्याचं फार लागलं. ती गावी परत आल्यावर त्या घरातली दोन्ही मुलं तिच्याच हातावर जन्मलेली होती. तरी ती वर जात राहिली, आणि मैत्रीभावनेत शेजारच्यांचं नाव घालायला लागली.

अपघात झाला तो थंडीतल्या एका सकाळी. त्या दिवशी खडीची निकड होती म्हणे. मुकादमाने शिट्टीची वाट बघितली नाही. झेंडेवाला आम्हाला उठवायला धावत वर येत होता, तोंडात शिट्टी होती, आणि तेवढ्यात पलीकडे बार उडाला. दगड टेकडीच्या माथ्यावरून आमच्या बाजूला आले. आम्ही उंबराच्या बुंध्यामागे होतो, वाचलो. तो उघड्यावर होता. नारळाएवढा दगड त्याच्या पायावर पडला.

त्याची बायको आमच्यातच बसलेली होती. ती किंचाळत धावली. आत्या काठी टाकून तिच्या मागे गेली. गुडघे दुखतात हे ती त्या क्षणी विसरली असावी. नडगीचं हाड मोडून पाय वाकडा झाला होता. "कोणी त्याला उचलू नका," आत्या ओरडली. असा आवाज मी तिचा आधी कधी ऐकला नव्हता, तो वॉर्डातला आवाज होता. तिने झेंड्याची काठी मोडून दोन तुकडे केले, पायाच्या दोन्ही बाजूंना लावले, आणि लाल फडकं फाडून बांधलं. मी बागेकडे पळाले.

टेकडीला लागून ज्यांची द्राक्षबाग होती ते गावातले मोठे बागायतदार. आमच्या वस्तीत त्यांचं येणं-जाणं कधीच नव्हतं. कामाला मजूर लागले तर रस्त्यावरून हाक मारायचे. मी कुंपणापाशी जाऊन काय झालं ते सांगितलं. त्यांनी एक शब्द न विचारता पिकअप काढली, द्राक्षांचे क्रेट खाली फेकले आणि गाडी चढेल तिथपर्यंत वर आणली. झेंडेवाल्याला एका फळीवर घालून आम्ही मागे ठेवलं. आत्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नाशिकच्या सरकारी रुग्णालयापर्यंत ती त्याला सारखं सांगत होती, "श्वास घे. सोड. घे. सोड. माझ्याकडे बघ." आम्ही रोज जे करत होतो तेच, फक्त मोठ्याने.

खाणीवरून कोणी दवाखान्यात आलं नाही. बागायतदार मात्र संध्याकाळपर्यंत थांबले. बाहेरच्या टपरीवर चहा पिताना ते मला म्हणाले, "तुमचे अर्ज चालू हायेत असं ऐकलं. माझं बी नाव घाला. माझा माल पिंपळगावच्या मार्केटात दोनदा परत केला, घडावर धूळ हाय म्हणून." मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "धुळीचं जाऊ द्या. आज लय वाईट झालं."

पोलिसांत तक्रार झाली, आणि माझा नवा अर्ज बागायतदारांच्या सहीसकट गेला. या वेळी एक अधिकारी पाहणीला आले. सकाळची वेळ होती. ठेकेदार होता, मुकादम होता, गावातले चार लोक होते, आणि आम्ही बाया नेहमीप्रमाणे उंबराखाली. ठेकेदार पुढे होऊन सांगायला लागला, "साहेब, ही पडीक जागा. इथे कुत्रंसुद्धा येत नाही. त्या दिवशी या बाया मुद्दाम येऊन बसल्या होत्या, काम बंद पाडायला."

अधिकारी वाटेने खालपर्यंत गेले आणि परत आले. पायवाट पावलांनी दबून गुळगुळीत झाली होती. चढ होता तिथे म्हाताऱ्यांसाठी आम्ही दगडांच्या पायऱ्या लावल्या होत्या. उंबराखाली जिथे जिथे गोणपाट अंथरायचो तिथे गवत उगवायचं थांबलं होतं, गोल गोल चकत्या दिसत होत्या. झिऱ्याचं डबकं बायांनी साफ केलेलं होतं आणि पाणी काढायला तांब्या उपडा घातलेला होता.

"तुम्ही इथे कधीपासून येता?" त्यांनी आत्याला विचारलं.

"रिटायर झाले तेव्हापासून. त्याआधी आमची आई पाण्याला यायची."

"रोज?"

"आजारी नसले तर रोज."

"आणि काय करता?"

"बसतो."

"बसून काय करता? पूजा, भजन, काही कार्यक्रम?"

"काही नाही, साहेब. बसतो."

ते थोडे अडचणीत पडले. पंचनाम्यात काय लिहावं ते त्यांना कळत नव्हतं. तेव्हा बागायतदार म्हणाले, "साहेब, मी साक्ष देतो. माझ्या बागेतून दिसतं. या बाया रोज सकाळी येतात, गप बसतात, आणि शिट्टी वाजली की उठून जातात. काम अडवायचं असतं तर उठल्या कशाला असत्या?"

ठेकेदाराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मुकादमच मान डोलावत होता. रोज शिट्टीवर उठणाऱ्या बाया त्यानेही बघितल्या होत्या.

"म्हणजे वहिवाट आहे," अधिकारी म्हणाले आणि लिहायला लागले.

गावातल्या एका माणसाने आमच्या वस्तीच्या वहिवाटीला साक्ष दिली, ही गोष्ट वस्तीत पुढे कितीतरी दिवस बोलली गेली. टेकडीपेक्षा जास्त बोलली गेली. आमच्या शेजारच्या घरातली सून त्याच आठवड्यात वाटीभर कालवण घेऊन आली.

निकाल आला तो अर्धामुर्धा होता. उंबर, झिरा आणि पूर्वेची बाजू खाणीतून वगळली. शिट्टीशिवाय आणि ठरलेल्या वेळेबाहेर बार उडवायला बंदी घातली. क्रशरवर पाण्याचे फवारे लावायला सांगितलं. ते अधूनमधून चालायचे. पश्चिमेची बाजू मात्र फुटतच राहिली. मी अजून वरच्या कचेरीत जायला हवं म्हणत होते, आणि गेलेही, पण पुढे काही झालं नाही. महामार्गाचं काम संपलं तशी खाण आपोआप बंद पडली. आमच्या गावाकडून बघितलं तर टेकडी होती तशी दिसते. आग्रा रोडवरून बघितलं तर अर्धीच आहे, कापलेल्या पावासारखी.

झिरा वाचला असं मी म्हणू शकत नाही. त्याचं पाणी पूर्वी वैशाखापर्यंत पुरायचं. आता होळीच्या सुमाराला बंद होतं. आतल्या फटी सुरुंगाने हलल्या असतील, असं एकाने सांगितलं. पाऊस पडला की पुन्हा सुरू होतं.

मी आत्याला एकदा विचारलं होतं, "वहिवाटीसाठीच बसत होतीस असं समजू का? तुला आधीच सुचलं होतं?"

"मला कुठलं कायद्याचं कळतं," ती म्हणाली. "आणि तसं मनात असतं तर मी कंटाळून दोन महिन्यांत बंद केलं असतं."

शेवटची दोन वर्षं तिला चढता येत नव्हतं. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायची. आम्ही बाकीच्या वर जाऊन यायचो. परत आल्यावर ती एकेक विचारायची, झिरा वाहतोय का, उंबराला फळ धरलं का, कोणता पक्षी ओरडत होता. मी एकदा न बघताच "हो, वाहतोय" म्हणाले तर तिने मला पुन्हा वर पाठवलं. ती गेली तेव्हा पहाट होती आणि मी जवळ होते. ओठ ओले करायचे, कूस बदलायची, हे मी तिच्याकडून ऐकलं होतं, तेवढं केलं.

आत्या गेल्याचं पेठकडे कसं पोचलं माहीत नाही. पुढच्या दिवाळीनंतर झेंडेवाल्याची बायको एकटीच आली, नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन. नवरा लंगडतो, पण शेतावर जातो, म्हणाली. ठेकेदाराकडून नुकसानभरपाई मिळाली नव्हती. त्यासाठी मी लिहिलेले अर्ज अजून कुठेतरी पडून होते, ते मी तिला खरं सांगितलं. जेवण झाल्यावर तिला टेकडी बघायची होती. आम्ही वर गेलो आणि माथ्यावरून पलीकडे डोकावलो. खाणीचा खड्डा पाण्याने भरला होता. कोणीतरी त्यात मासे सोडले होते, आणि दोन पाणकोंबड्या कडेकडेने पोहत होत्या.

"लय खोल असंल," ती म्हणाली.

"कोणी मोजलं नाही."

मी तिला विचारलं, तिकडे बसतेस का अजून. ती हसली. "नाय बाय. पाण्याला लांब जावं लागतं, मग शेत, मग पोरं. येळ नाय." मग म्हणाली, "धाप लागली का तेवढं बघते. कुठं लागते ते."

खोकला आता कमी होता. पेठची गाडी नाशकातून सुटायची होती, तिला उशीर होऊन चालणार नव्हतं. मी तिला आग्रा रोडपर्यंत सोडायला गेले. रुंद झालेल्या रस्त्यावर सावली कुठेच नव्हती, म्हणून आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहिलो आणि बस येईपर्यंत तिच्या पोरांच्या शाळेबद्दल बोललो.